वार्धक्य, प्रतिरक्षा पेशी आणि जीवाणूंची विषे : एक विवेचन

गोषवारा

वय वाढले की रोगप्रतिकारशक्ती कमी होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे विधान चुकीचे नसले तरी अपुरे आहे. जीवाणूंच्या विषांना प्रतिरक्षा पेशी कसा प्रतिसाद देतात याचा अभ्यास केल्यास असे दिसून येते की, वार्धक्यात प्रतिसादाचा जोर काही ठिकाणी घटतो, काही ठिकाणी वाढतो आणि बहुतेक ठिकाणी तो वेळेवर सुरू होत नाही किंवा वेळेवर थांबत नाही. प्रस्तुत लेखात बहिर्विष व अंतर्विष या दोन प्रकारच्या विषांच्या संदर्भात या बदलांचे विवेचन केले असून, ज्येष्ठांमधील रोगनिदान व लसीकरण यांच्याशी त्याचा असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

प्रमुख संज्ञा : वार्धक्य, प्रतिरक्षा पेशी, अंतर्विष, बहिर्विष, दाह, प्रतिपिंडे, सेप्सिस, लसीकरण.

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच गेले आहे. आयुर्मान वाढणे ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने यशाची बाब होय. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही पुढे येतो. ज्या जीवाणूच्या संसर्गातून तरुण व्यक्ती आठवडाभरात बरी होते, त्याच संसर्गाने वृद्ध व्यक्ती अत्यवस्थ का होते? जीवाणू तोच असतो, त्याचे विषही तेच असते. बदललेले असते ते विषाला सामोरे जाणारे शरीर.

या फरकाचे प्रमाण किती मोठे आहे, हे सेप्सिस या अवस्थेवरून लक्षात येते. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनियंत्रित होऊन अवयव निकामी होऊ लागणे, अशी सेप्सिसची व्याख्या २०१६ साली निश्चित करण्यात आली. अमेरिकेतील १९७९ ते २००२ या काळातील रुग्णालयीन नोंदींच्या विश्लेषणात असे आढळले की, ६५ वर्षांवरील व्यक्ती लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के असताना सेप्सिसच्या रुग्णांपैकी जवळजवळ ६५ टक्के रुग्ण याच वयोगटातील होते. सेप्सिसच्या व्याख्येतील ‘अनियंत्रित प्रतिसाद’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. प्रश्न केवळ शक्ती कमी होण्याचा असता, तर वृद्ध शरीरात प्रतिसाद मंद आढळला असता, अनियंत्रित नव्हे. ही विसंगती समजून घेण्यासाठी प्रथम जीवाणूंच्या विषांचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

जीवाणूंच्या विषांचे दोन प्रकार

१८८८ साली पॅरिस येथील पाश्चर संस्थेत एमिल रू व अलेक्झांडर येर्सिन यांनी घटसर्पाच्या जीवाणूंचे संवर्धन गाळून घेतले. गाळलेल्या द्रवात एकही जीवाणू नसताना तो प्राण्यांना टोचल्यावर घटसर्पाची लक्षणे उद्भवली. रोग जीवाणूच्या केवळ अस्तित्वाने होत नसून त्याने बाहेर सोडलेल्या विषाने होतो, हे यातून सिद्ध झाले. अशा विषांना बहिर्विषे म्हणतात. ती प्रथिनस्वरूप असतात आणि प्रत्येकाचे कार्य ठरावीक असते. धनुर्वाताचे विष चेतापेशींतील एक प्रथिन तोडते, त्यामुळे स्नायूंना आवर घालणारे संदेश थांबतात व स्नायू ताठरतात. घटसर्पाचे विष पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. पटकीचे विष आतड्याच्या पेशींतून पाणी व क्षार बाहेर ओतवते. पटकीच्या जीवाणूचे असे आंत्रविष अस्तित्वात आहे, हे कोलकाता येथील शंभुनाथ डे यांनी १९५९ साली जीवाणूरहित गाळिवाच्या साहाय्याने दाखवून दिले. भारतीय वैद्यकीय संशोधनातील हे एक महत्त्वाचे कार्य मानले जाते.

दुसऱ्या प्रकारच्या विषाचा शोध १८९२ साली बर्लिन येथे रिचर्ड फायफर यांना लागला. पटकीचे जीवाणू उष्णतेने मारल्यावरही ते प्राण्यांना घातक ठरतात, असे त्यांना आढळले. हे विष जीवाणूच्या शरीराचाच भाग असल्याने त्याला अंतर्विष असे नाव मिळाले. ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा मेद व शर्करायुक्त पदार्थ म्हणजेच हे अंतर्विष, आणि त्यातील ‘लिपिड ए’ हा त्याचा विषारी भाग, हे पुढे स्पष्ट झाले.

दोन्ही प्रकारांतील एक मूलभूत भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. बहिर्विष स्वतःच पेशीला इजा करते. अंतर्विषाच्या बाबतीत बहुतांश इजा शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादामुळे होते. म्हणून बहिर्विषापासून संरक्षण मुख्यतः त्याला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांवर अवलंबून असते, तर अंतर्विषापासून संरक्षण प्रतिसादाच्या प्रमाणबद्धतेवर अवलंबून असते. वार्धक्य या दोन्ही बाजूंवर परिणाम करते, परंतु वेगवेगळ्या मार्गांनी.

अंतर्विषाला मिळणारा सामान्य प्रतिसाद

रक्तातील मोनोसाइट व ऊतकांतील मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर ‘टोल-सदृश ग्राही ४’ नावाचे प्रथिन असते. अंतर्विष ओळखण्याचे काम तेच करते, हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ साली दाखवले. त्यासाठी त्यांनी अंतर्विषाचा परिणाम न होणाऱ्या उंदरांच्या एका वंशाचा अभ्यास केला. या उंदरांत उपरोक्त ग्राहीचे जनुक बिघडलेले होते. बॉयटलर यांना २०११ साली ज्यूल्स हॉफमन व राल्फ स्टाइनमन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या उंदरांची कथा बोधप्रद आहे. शुद्ध अंतर्विष टोचले तर ते सुरक्षित राहतात, परंतु जिवंत ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या संसर्गाला मात्र ते सहज बळी पडतात. विषाची जाणीवच नसेल तर विषाने होणारी हानी टळते, पण जीवाणूही रोखला जात नाही. म्हणजे प्रतिसाद आवश्यक आहे आणि तो मर्यादितही असला पाहिजे. प्रतिरक्षा संस्थेचे सारे कौशल्य या दोन अटी एकाच वेळी पाळण्यात आहे.

निरोगी तरुण शरीरात हे साधले जाते. ग्राहीला अंतर्विष मिळताच पेशीत संदेशांची साखळी सुरू होते आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ ही दाहकारक संदेशद्रव्ये स्रवतात. त्यामुळे ताप येतो, रक्तवाहिन्या सैलावतात व न्यूट्रोफिल या पेशी संसर्गस्थानाकडे धाव घेतात. त्यापाठोपाठ इंटरल्यूकिन-१० सारखी शामक द्रव्ये तयार होऊन दाह आवरला जातो. प्रारंभ जलद आणि समाप्ती वेळेवर, हे निरोगी प्रतिसादाचे लक्षण होय.

वृद्ध शरीरातील बदललेली आधारपातळी

वार्धक्यात पहिला बदल संसर्गापूर्वीच झालेला असतो. कोणताही उघड आजार नसताना वृद्ध व्यक्तींच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ व सी-रिॲक्टिव्ह प्रथिन यांची पातळी तरुणांपेक्षा सरासरीने अधिक असते. इटलीचे क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली या मंद पण अखंड दाहाला ‘इन्फ्लमेजिंग’ ही संज्ञा दिली. मराठीत त्यास ‘जरादाह’ म्हणता येईल.

जरादाहाची कारणे अनेक आहेत. लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवल्याप्रमाणे मानवी पेशी ठरावीक वेळाच विभाजित होतात. विभाजन थांबलेल्या काही पेशी नष्ट न होता ऊतकांत टिकून राहतात आणि दाहकारक द्रव्ये स्रवत राहतात. वयानुसार पोटाभोवती साठणारी चरबीही अशी द्रव्ये सोडते. तिसरे कारण जीवाणूंशी थेट संबंधित आहे. मोठ्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू कायम वास्तव्यास असतात. आतड्याचे अस्तर अभेद्य असेपर्यंत त्यांचे घटक रक्तात शिरत नाहीत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील अभ्यासात असे आढळले की, वयानुसार आतड्यातील जीवाणूसमूह बदलतो, अस्तर अधिक पाझरू लागते व जीवाणूंचे घटक रक्तात येऊन दाह वाढवतात. पूर्णतः जीवाणूरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत वय वाढूनही असा दाह दिसला नाही आणि त्यांच्या मॅक्रोफेज पेशींची जीवाणू मारण्याची क्षमताही टिकून राहिली.

या निष्कर्षाचा अर्थ असा की, वृद्ध शरीरातील भक्षक पेशी संसर्गाच्या क्षणी विश्रांत अवस्थेत नसतात. त्या आधीच अर्धवट चेतवलेल्या असतात. ज्या घरात सतत थोडा धूर कोंडलेला असतो, तेथे खरी आग लागल्यावर ती उशिरा लक्षात यावी, तसा काहीसा हा प्रकार आहे. पार्श्वभूमीचा दाह वाढला की नव्या संकेताचे वेगळेपण कमी होते.

पेशींनिहाय बदल

भक्षक पेशींविषयीचे संशोधन प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटते. वृद्ध उंदरांच्या मॅक्रोफेज पेशींवर टोल-सदृश ग्राहींचे प्रमाण कमी असून चेतवल्यावर त्या कमी संदेशद्रव्ये स्रवतात, असा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. २००७ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी वृद्ध व्यक्तींच्या मोनोसाइट पेशींत ‘टोल-सदृश ग्राही १’ चे पृष्ठभागावरील प्रमाण घटल्याचे व त्या मार्गाने होणारी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांची निर्मिती कमी झाल्याचे दाखवले. दुसरीकडे, अंतर्विषाची जी मात्रा तरुण उंदीर सहन करतात, तिने वृद्ध उंदीर दगावतात, हे अनेक प्रयोगशाळांत दिसून आले आहे.

पेशी दुर्बल आणि प्राणी मात्र अतिसंवेदनशील, हे एकाच वेळी कसे शक्य आहे? याचे उत्तर निरीक्षणाच्या पातळीत आहे. परीक्षानळीतील पेशीला एकच संकेत मिळतो आणि तिच्याभोवती शरीर नसते. संपूर्ण शरीरात मात्र यकृत, रक्तवाहिन्यांचे अस्तर, चरबी व मज्जासंस्था या सर्वांचा प्रतिसादात सहभाग असतो. तेथे पेशीचा प्रारंभिक जोर कमी असला तरी दाह आवरणारी यंत्रणा शिथिल असल्यास एकूण परिणाम तीव्र होतो. शिवाय जीवाणू सुरुवातीस न रोखला गेल्यास त्याची संख्या वाढते, आणि वाढलेल्या संख्येबरोबर अंतर्विषाची मात्राही वाढते. अशा रीतीने आरंभीची दुर्बलताच पुढील अतिरेकाचे कारण ठरू शकते.

न्यूट्रोफिल पेशींबाबत हे अधिक स्पष्टपणे दिसते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वृद्ध व्यक्तींच्या न्यूट्रोफिल पेशी तरुणांच्या पेशींइतक्याच वेगाने चालतात, परंतु त्यांची दिशा अचूक नसते. या पेशी ऊतकांतून वाट काढताना प्रथिने विरघळवणारी विकरे सोडतात. मार्ग लांबला की वाटेतील निरोगी ऊतकांची अधिक हानी होते आणि जीवाणूपर्यंत पोहोचण्यास विलंब होतो. पेशीतील पीआय-३ कायनेज या विकराला रोखणारे द्रव्य परीक्षानळीत वापरल्यावर ही अचूकता पूर्ववत झाली. म्हणजे क्षमता नष्ट झालेली नसते, नियंत्रण बिघडलेले असते.

लसीकापेशींतील बदल याहून दीर्घकालीन आहेत. टी पेशी छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे थायमसमध्ये परिपक्व होतात. नावाप्रमाणेच ही ग्रंथी वयानुसार आक्रसते व तिची जागा चरबी घेते. त्यामुळे नव्या टी पेशींचा पुरवठा घटतो आणि पूर्वीच्या संसर्गांची स्मृती बाळगणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते. बी पेशींना प्रभावी प्रतिपिंडे बनवण्यासाठी टी पेशींचे साहाय्य लागत असल्याने नव्या विषाविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची संख्या व पकड दोन्ही कमी पडतात.

मानवी प्रयोगातील पुरावा

अंतर्विषाला वृद्ध मानवी शरीर कसा प्रतिसाद देते, याचा थेट पुरावा डेन्मार्कमधील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केला. निरोगी तरुण व निरोगी वृद्ध स्वयंसेवकांच्या लहान गटांना वैद्यकीय देखरेखीखाली एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूचे शुद्ध अंतर्विष शरीराच्या प्रतिकिलो वजनास २ नॅनोग्रॅम या अत्यल्प मात्रेत शिरेवाटे देण्यात आले. दोन्ही गटांत ताप आला व दाहकारक द्रव्ये वाढली. मात्र वृद्धांत टीएनएफची आरंभीची वाढ अधिक होती, ताप अधिक काळ टिकला आणि रक्तातून कमी झालेल्या मोनोसाइट पेशींची संख्या पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागला.

या प्रयोगाचे महत्त्व असे की, दोन्ही गटांना विषाची समप्रमाणात मोजलेली मात्रा मिळाली होती आणि जिवंत जीवाणू त्यात नव्हते. म्हणून दिसून आलेला फरक जीवाणूंच्या वाढीमुळे नव्हे, तर प्रतिसादाच्या नियमनामुळे होता. स्वयंसेवक निवडलेले व निरोगी होते, ही मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. दुर्बल, कुपोषित वा अनेक व्याधींनी ग्रस्त वृद्धांत चित्र वेगळे असू शकते, आणि ते तसे असते, हे पुढे स्पष्ट केले आहे.

बहिर्विषे आणि प्रतिपिंडांची स्मृती

बहिर्विषांच्या बाबतीत निर्णायक प्रश्न असा असतो की, विष पेशीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला अडवणारी प्रतिपिंडे रक्तात आहेत की नाहीत. एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० साली प्रतिविषाचे तत्त्व प्रस्थापित केले. १९२० च्या दशकात गास्तों रामों यांनी फॉर्मॅलिन व उष्णता यांच्या साहाय्याने विषाची घातकता काढून विषाभ तयार केले. आजच्या धनुर्वात व घटसर्पाच्या लसी याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

लसीमुळे निर्माण झालेली प्रतिपिंडे कायमची राहत नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार धनुर्वाताच्या प्रतिपिंडांचा अर्धायुकाल सुमारे ११ वर्षे, तर घटसर्पाच्या प्रतिपिंडांचा सुमारे १९ वर्षे आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत धनुर्वातापासून संरक्षण देण्याइतकी प्रतिपिंडे ६ ते ११ वर्षांच्या सुमारे ८८ टक्के मुलांत आढळली, तर ७० वर्षे व त्यावरील व्यक्तींत हे प्रमाण केवळ २८ टक्क्यांच्या आसपास होते. या घसरणीचे कारण केवळ पेशींचे वार्धक्य नव्हे. त्या पिढीतील अनेकांना बालपणी लस मिळालीच नव्हती. पुरुषांत संरक्षणाचे प्रमाण स्त्रियांपेक्षा अधिक होते, याचा संबंध लष्करी सेवेतील लसीकरणाशी जोडला जातो. जैविक वय व सामाजिक इतिहास हे दोन्ही प्रतिपिंडांच्या पातळीत एकत्र उमटतात.

भारतातील स्थितीचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली व सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. आज सत्तरीत असलेल्या व्यक्तींचे बालपण त्यापूर्वीच संपले होते. गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस दिली जात असल्याने काही स्त्रियांना प्रौढपणी ती मिळाली. या धोरणाचे फलित म्हणून माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य करण्यात आले. २०१९ साली नियमित लसीकरणात धनुर्वाताच्या लसीऐवजी धनुर्वात व घटसर्प यांची संयुक्त लस आणण्यात आली. ती १० व १६ वर्षे वयाला आणि गरोदरपणी दिली जाते. ज्येष्ठ नागरिकांसाठी मात्र राष्ट्रीय वेळापत्रकात नियमित मात्रेची तरतूद नाही. शेतात वा अंगणात काम करणाऱ्या वृद्धाच्या पायात काटा किंवा खिळा रुतल्यावर घेतले जाणारे इंजेक्शन हाच बहुतेकांचा लसीकरणाशी येणारा संबंध असतो. ज्यांना पूर्वी लस मिळालेली नाही, त्यांच्यासाठी अशी एक मात्रा पुरेशी नसते. त्यांना तीन मात्रांचा मूळ क्रम पूर्ण करणे आवश्यक असते.

वय वाढणे नेहमीच तोट्याचे ठरते, असेही नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूचे एक विष टी पेशींना अंदाधुंद चेतवून ‘टॉक्सिक शॉक’ ही जीवघेणी अवस्था निर्माण करते. १९८० साली अमेरिकेत या विकाराचे जे रुग्ण प्रकाशात आले, त्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. मासिक पाळीच्या काळातील टॅम्पॉनच्या वापराशी त्याचा संबंध आढळला. बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात या विषाविरुद्धची प्रतिपिंडे आयुष्यातील सहज संपर्कातून तयार झालेली असतात, ज्यांच्यात ती नसतात त्यांनाच धोका असतो. येथे वयाबरोबर आलेली स्मृती संरक्षक ठरते.

याउलट उदाहरण क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जीवाणूचे आहे. प्रतिजैविकांमुळे आतड्यातील नेहमीचे जीवाणू नष्ट झाले की तो वाढतो व ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन विषे सोडतो. ही विषे पेशीचा सांगाडा सांभाळणारी प्रथिने निकामी करून आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करतात. ६५ वर्षांवरील व्यक्तींना या रोगाचा व तो उलटण्याचा धोका अधिक असतो. बॉस्टन येथील संशोधकांनी २००० व २००१ साली दाखवले की, विष ‘ए’ विरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या व्यक्तींत जीवाणूचा शिरकाव होऊनही लक्षणे उद्भवत नाहीत किंवा रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहते. नव्या विषाविरुद्ध त्वरेने प्रतिपिंडे बनवण्याची क्षमता घटणे, ही वार्धक्यातील उणीव येथे थेट रोगाच्या रूपाने प्रकट होते.

रोगनिदानातील अडचण

प्रतिसादाचे नियमन बिघडले की रोगाची ओळखीची चिन्हेही बदलतात. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत ताप येत नाही किंवा तो अगदी सौम्य असतो, असे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे. डेन्मार्कमधील निरोगी वृद्धांत ताप अधिक टिकला, तर दुर्बल वृद्धांत तो येतच नाही, हे दोन्ही निष्कर्ष एकाच बिघाडाची दोन रूपे आहेत. दुर्बल वृद्धांचे मूळ तापमानही कमी असल्याने ताप मोजण्याची रूढ मर्यादा त्यांना लागू पडत नाही. दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली ३७.८ अंश सेल्सिअस ही मर्यादा सुचवली, तसेच व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानात १.१ अंशापेक्षा अधिक वाढ झाल्यास ती ताप समजावी, असे म्हटले.

अनेकदा पहिले लक्षण तापाऐवजी अचानक आलेला बुद्धिभ्रम, तोल जाऊन पडणे, अन्नावरची वासना उडणे किंवा श्वासाची गती वाढणे हे असते. कुटुंबात अशा बदलांचा अर्थ ‘वयोमानानुसार होणारच’ असा लावला जातो आणि उपचारासाठी मौल्यवान असलेले पहिले काही तास निघून जातात. ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, हा निष्कर्ष वृद्धांच्या बाबतीत धोकादायक आहे.

उपायांची दिशा

दाहाचा अतिरेक घातक असेल तर तो थांबवावा, हा विचार साहजिक होता. अंतर्विषाला त्याच्या ग्राहीशी जोडले जाण्यापासून रोखणाऱ्या एरिटोरान या औषधाची मोठी चाचणी झाली, परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीव्र सेप्सिसमधील मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही. रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत दाहाची साखळी पुढे गेलेली असते आणि जीवाणूंशी लढण्यासाठी तोच प्रतिसाद आवश्यकही असतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. बॉयटलर यांच्या उंदरांनी दिलेला धडा येथेही लागू पडतो.

अधिक आशादायक उदाहरण लसींच्या क्षेत्रातील आहे. नागीण या विषाणुजन्य रोगावरील जुनी जिवंत लस ७० वर्षे व त्यावरील व्यक्तींत सुमारे ३८ टक्के परिणामकारक होती. त्यानंतर आलेल्या प्रथिनाधारित लसीची परिणामकारकता याच वयोगटात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ९० टक्के आढळली. दोन्ही लसींच्या रचनेत इतरही भेद आहेत, परंतु नव्या लसीतील साहाय्यक द्रव्याचा वाटा मोठा मानला जातो. त्यातील एक घटक साल्मोनेला जीवाणूच्या ‘लिपिड ए’ पासून, म्हणजे अंतर्विषाच्याच विषारी भागापासून, त्याची घातकता काढून तयार केलेला आहे. तो त्याच ‘टोल-सदृश ग्राही ४’ ला चेतवतो. योग्य मात्रेत व योग्य रूपात संकेत मिळाल्यास वृद्ध प्रतिरक्षा पेशीही जोमदार प्रतिसाद देऊ शकतात, याचा हा सबळ पुरावा होय.

जीवनशैलीचाही विचार आवश्यक आहे. २०१८ साली ब्रिटनमध्ये ५५ ते ७९ वयोगटातील, दीर्घकाळ नियमित सायकल चालवणाऱ्या १२५ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तात यौवनलोपी ग्रंथीतून नव्याने आलेल्या टी पेशींचे प्रमाण तरुणांच्या जवळपास होते. हा एका विशिष्ट गटाचा अभ्यास असल्याने त्यातून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. तरीही प्रतिरक्षेचे वार्धक्य केवळ जन्मतारखेवर ठरत नाही, हे त्यातून सूचित होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, जीवाणूंच्या विषांना वृद्ध शरीराने दिलेला प्रतिसाद ‘कमी’ या एका शब्दात सामावत नाही. आरंभ मंद, दिशा चुकलेली, आवर शिथिल आणि स्मृती काही ठिकाणी पुसट तर काही ठिकाणी बळकट, असे हे मिश्र चित्र आहे. ‘शक्ती कमी झाली’ या समजुतीतून शक्तिवर्धक औषधे व पूरक आहार यांच्याकडे लक्ष वेधले जाते. ‘नियमन बिघडले’ हे ध्यानात आल्यास लक्ष वेगळ्या गोष्टींकडे जाते : तापाची वाट न पाहता वर्तनातील आकस्मिक बदल हा संसर्गाचा इशारा मानणे, प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर टाळणे, ज्येष्ठांच्या धनुर्वात व घटसर्प लसीकरणाचा इतिहास तपासून अपुरा क्रम पूर्ण करणे आणि शारीरिक हालचाल कायम ठेवणे.

यांपैकी बहुतेक उपायांना नव्या शोधाची आवश्यकता नाही. धनुर्वाताचे विषाभ शंभर वर्षांपासून उपलब्ध आहे. बालक व माता यांच्यासाठी देशाने जी लसीकरण यंत्रणा उभारली, तिची कक्षा ज्येष्ठांपर्यंत वाढवणे ही आता धोरणाची बाब आहे. वाढलेल्या आयुर्मानाबरोबर ती जबाबदारीही समाजाने स्वीकारणे क्रमप्राप्त ठरते.